आईला घेऊन कुरुंबाला

आईचे गुडघे बघता सी-प्लेनची चढउतार नको होती, म्हणून मालदीवमध्ये कुरुंबाच निवडलं. वेलाना विमानतळावरून स्पीडबोटीने जेमतेम दहा मिनिटं. देशातलं हे पहिलं रिसॉर्ट, 1972 सालचं. सुरुवातीला 30 खोल्या होत्या, आता 180 आहेत.

इतक्या वर्षांत झाडं काय वाढलीत! भर दुपारीही आई सावलीतून आरामात फिरायची. मला या बेटाचं सगळ्यात मोठं सुख हेच वाटलं.

जेट्टीपाशी उथळ पाण्यात शार्कची पिल्लं फिरतात, हातभर लांब, पंखांची टोकं काळी. आई आधी माझा दंड घट्ट धरून उभी होती. मग "अगं, ती बघ, वळली!" करत तिथेच ठाण मांडून बसली.

नाश्त्याला मासहुनी चुकवू नका: टूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, सगळं हाताने कालवलेलं, सोबत गरम रोशी, म्हणजे तिथली चपाती. आमच्या मालवणी जिभेला ते पहिल्या घासातच आपलं वाटलं.

पाण्यावरच्या व्हिला इथे नाहीत. वयस्कर माणसं सोबत असतील तर वाळूलगतची खोली घ्या, दारातून थेट समुद्र.