कुरडया राखताना वाचायची पुस्तकं

उन्हाळ्यात हलकंफुलकं वाचावं असं सगळेच सांगतात. किती हलकं, ते मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं. आमच्या परभणीत एप्रिल अर्धा सरला की पारा ४२-४३ च्या खाली यायचं नाव घेत नाही, दुपारी नेमकी लाईट जाते आणि कूलर नुसता शोभेला उरतो. अशा वेळी सहाशे पानांची कादंबरी उताणं पडून वाचणं म्हणजे वाचन नव्हे, व्यायाम. डुलकी लागली की ती थेट नाकावर येते. त्यामुळं माझी पहिली अट वजनाचीच, तीही तराजूतल्या वजनाची.

दुसरी अट आईनं घालून दिली. आमच्याकडं गच्चीवर कुरडया, शेवया, सांडगे वाळत पडायचे आणि राखणीला घरातला सगळ्यात बिनकामाचा माणूस, म्हणजे पुस्तक वाचणारा, बसवला जायचा. जिन्याच्या दाराशी सावलीचा हातभर पट्टा असायचा. तो सरकेल तसं आपणही सरकायचं. जुन्या धोतरावर ओळीनं घातलेल्या चिकाच्या कुरडया सकाळी लिबलिबीत असायच्या, दुपारपर्यंत त्यांच्या कडा वर उचलून कापड सोडायला लागायच्या. तेवढ्यात एक अर्धी ओली कुरडई तोंडात टाकायची. ती दाताला अशी चिकटते, की सुटेपर्यंत आरामात एक पान होतं.

आई पुस्तकाचं नाव कधी विचारायची नाही. जिन्यातून एवढंच म्हणायची, "वाच की. पण मान वर करता येईल असं कायतरी वाच." साहित्यावरची पुष्कळ जड चर्चा ऐकली, पण उन्हाळी पुस्तकाची याहून नेमकी कसोटी मला मिळालेली नाही. मान वर करावी, चिमण्या हाकलाव्यात, खाली बघावं, तर गोष्टीतली माणसं होती तिथंच सापडावीत.

या कसोटीवर भलतेच निकाल लागतात. रहस्यकथा सगळ्यांत हलकी, असं आपण धरून चालतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर लिहिल्या. माझ्या मामांच्या पेटीत त्यांची थप्पी होती. पण ती पुस्तकं राखणीला साफ नापास! खोलीत प्रेत सापडलंय आणि दाराला आतून कडी आहे, म्हटल्यावर मान वर कोण करतो? तिकडं चिमण्यांची पंगत उठूनसुद्धा जायची. याउलट चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ कुठल्याही पानावर भेटा, कधीही सोडा, रागावत नाहीत. विनोदी गोष्टी पास, प्रवासवर्णनं पास, थंड हवेची असतील तर पहिल्या वर्गात. आत्मचरित्रं लेखकाच्या बालपणापर्यंत चालतात. पुढं सत्कार सुरू झाले की झोप येते. अर्थात दुपारी दोनला तोही पुस्तकाचा गुणच.

आमच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींना हे पटत नाही. "तुम्ही शिकले-सवरलेले, आणि हे काय वाचायलात?" असं ते हातातल्या पुस्तकाकडं बघून विचारतात. ते स्वतः भर मे महिन्यात नरहर कुरुंदकरांचे वैचारिक लेख वाचतात. माझी त्याला हरकत नाही. नांदेडचा एवढा मोठा माणूस. पण त्यांच्या लेखातलं एक वाक्य सुटलं तर पुढच्या मुद्द्याचा पाय कशावर आहे तेच कळत नाही. मी कुरुंदकरांना मृग बरसल्यावर हातात घेतो. तोवर डोकंही जरा निवलेलं असतं.

दुष्काळाच्या गोष्टी मात्र मी उन्हाळ्यात हातातच घेत नाही. यात लेखकांचा काही दोष नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. त्याच वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार आमच्याच जिल्ह्यातल्या आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला मिळाला. गावाकडच्या माणसांच्या कथा, अगदी सच्च्या. पण दारात टँकरची वाट बघत घागरी मांडून बसलेलं असताना तेच पुस्तकात कोण वाचणार? तो संग्रह मी दिवाळीनंतर वाचला, ज्वारी हिरवीगार उभी असताना. तेव्हा तो पुरता पोचला. मे महिन्यात मी पाचव्या पानावर मिटून ठेवला असता, आणि वर लेखकालाच नावं ठेवली असती.

भाची सगळं फोनवर वाचते. लाईट गेली तरी तिचं पान उजळलेलंच! उन्हात मात्र फोन असा तापतो, की तो काही वेळ पाण्याच्या माठाला टेकवून ठेवावा लागतो. अजून तरी पुस्तकावर ही पाळी आलेली नाही.

म्हणून परवा सकाळी ऊन चढायच्या आत वाचनालयात जाऊन आलो. राखणीला दोन विनोदी पुस्तकं घेतली आणि रात्री गच्चीवर वाचायला एक जुनी रहस्यकथा. रात्री चिमण्या नसतात. रहस्यकथेचं शेवटचं पान आधी तपासायची माझी सवय आहे. उलटून बघायला लागलो, तर टेबलामागचे काका म्हणाले, "शेवट शाबूत आहे, बिनधास्त न्या. मधली दहा-बारा पानं गेलीत. पण उन्हाळ्यात कुणी तक्रार करत नाही."