भरिताचं वांगं आणि मांडे: उघडता येतील अशी कागदाची कार्डं

कागद कापून पदार्थाच्या आकाराचं शुभेच्छापत्र करायचं, तर मुळातच उघडणारा किंवा घडी पडणारा पदार्थ निवडावा. शेवभाजीची वाटी वरून पाहिली तर नुसतं लाल वर्तुळ. त्यावर कितीही बारीक शेव कापून चिकटवली तरी ते चित्रच राहतं, कार्ड होत नाही. आपल्या खानदेशात मात्र भरिताचं वांगं आहे, केळी आहेत आणि आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, मांडे (मोठ्या, पातळ पुरणपोळ्या) आहेत. तिन्हींना आत काहीतरी आहे.

आधी वांगं. बाजारातल्या नमुन्यांत ते हमखास जांभळं असतं. जळगावच्या ज्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते फिकट हिरवं, पांढरट पट्ट्यांचं. तेव्हा फिकट हिरवी कार्डशीट घ्या, 200 ते 220 जीएसएमची (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद जाड). दुकानातच तिचा कोपरा थोडा फाडून बघावा. काही रंगीत शीट आतून पांढऱ्या निघतात आणि कापल्यावर सगळ्या कडेने पांढरी रेघ दिसते.

या शीटचा ए-4 कागद उभा आणि आडवा, दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने सहज वाकतो, तो कागदाच्या तंतूंचा कल. घडी त्या कलाने आली तर कडक बसते, आडवी आली तर घडीवर भेगा पडतात. पट्टी धरून रिकाम्या बॉलपेनने घडीची रेघ दाबून ओढायची आणि मग दुमडायचं. घडी डावीकडे ठेवून वांगं काढा: रुंदी 13 सेंमी, देठासकट उंची 18 सेंमी. डाव्या पोटाची निदान 7 सेंमी कड घडीवर सपाट टेकली पाहिजे आणि तेवढी न कापता सोडायची. सगळ्यात जास्त कार्डं इथेच बिघडतात. गोलाई छान यावी म्हणून सगळीकडून कापलं की हातात दोन सुटी वांगी येतात. सपाट कड डोळ्यांना खुपत असेल तर डेख (देठाखालची हिरवी टोपी) मोठं कापून थोडं डावीकडे झुकवा.

दोन थर एकदम कापताना खालचा सरकतो, म्हणून दोन बाईंडर क्लिप लावाव्यात. कात्री जागेवर ठेवून कागद फिरवला की वळण तुटक येत नाही. डेख गडद हिरव्या कागदाचं, पाच टोकांचं. देठाची रुंदी 12 मिमीपेक्षा कमी नको, पाकिटातून काढताना तो दुमडतो. पट्टे पांढऱ्या रंगीत पेन्सिलीने, खालून वर, मध्येच सोडलेले.

आतलं भरीत कापायचं नाही, फाडायचं. कात्रीची धार आली की ते भरीत वाटतच नाही. मळकट पांढरा आणि खाकी असे दोन कागद घ्या, ओल्या ब्रशने रेघ ओढा आणि त्या रेघेवर सावकाश ओढून फाडा. कडेला तंतू सुटतात, ठेचलेल्या वांग्याचा पोत तिथेच येतो. एक-दीड सेंमीचे तुकडे उजव्या पानावर कडेपासून 1 सेंमी जागा सोडून, एकमेकांवर थोडे चढवून लावा. वर पंचिंग मशीनने पाडलेल्या बदामी टिकल्या अर्ध्या कापून शेंगदाणे, हिरव्या कागदाच्या 2 मिमी पट्ट्यांची कांद्याची पात आणि दोन-तीनच काळे ठिपके. काड्यांवर भाजलेल्या वांग्याची साल काढली तरी तेवढे राहतात. दोनपेक्षा जास्त थर झाले की कार्ड बंद होत नाही, आणि फोम टेप आत लावला तर दाण्यांचा उठाव समोरून दिसतो. डाव्या पानावर राखाडी कागदाची 8 सेंमीची कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी लावून मजकूर तिच्यावरच लिहावा.

तुकड्यांना गम स्टिक, मोठ्या भागांना डबल टेप. फेव्हिकॉलमध्ये पाणी असतं, त्यामुळे पातळ कागद आधी फुगतो आणि वाळताना आखडून वाकतो. वापरायचाच तर पुठ्ठ्याच्या चिटोऱ्याने अगदी पातळ ओढा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. उन्हाळ्यात पंखा बंद करून चिकटवा, नाहीतर तुकडा जागेवर बसवण्याआधीच कड सुकते.

आखाजीला लेकीबाळींना पाठवायला मांड्याचं कार्ड फार शोभतं, कारण मांडा जसा दुमडतो तसंच ते दुमडतं. ए-3 आकाराचा फिकट बदामी कागद घ्या, 70 ते 80 जीएसएमचा. त्याहून जाड कागद चौघडीत फुगतो. डाग कापण्याआधी पाडायचे: स्पंज कोऱ्या चहाच्या पाण्यात बुडवून पिळायचा आणि टिपत जायचं. मध्ये दाट, कडेला विरळ, दोन डागांत सारखं अंतर अजिबात नको. पूर्ण वाळल्यावर जड पुस्तकांखाली ठेवून सपाट करा आणि मग 26 सेंमी व्यासाचं वर्तुळ कापा. मजकूर घड्यांच्या रेघा टाळून आत लिहा. मग दोनदा दुमडा, पण नख फिरवू नका. घडी मऊ राहिली तरच मांडा वाटतो.

खापर, म्हणजे मांडे भाजायचं उपडं मातीचं भांडं, काळ्या कार्डशीटचं. तळाशी 16 सेंमी रुंद आणि 10 सेंमी उंच असे दोन घुमट कापा. सरळ तळ आणि दोन्ही बाजूंचे खालचे 2 सेंमी 6 मिमीच्या डबल टेपने जोडले की वरून उघडा खिसा होतो. मांड्याची चौघडी 13 सेंमीची, ती सरळ कड खाली करून आत बसते आणि वर डोकावते. टेप रुंद घेतला तर खिसा आवळतो आणि मांडा काढताना फाटतो.

केळ्याला एकच सांगायचं: सालीची घडी वळणावर पाडू नका. वाकड्या रेघेवर कागद सपाट दुमडत नाही, पन्हळीसारखा उभा राहतो. साल तीन पट्ट्यांची करून प्रत्येकीला बुडाशी 2 सेंमीची सरळ घडी द्या.

पाकीट कार्डापेक्षा चारी बाजूंनी 5 मिमी मोठं असावं. वांगं पाकिटात घालताना घडीची बाजू आधी आत सरकवा आणि मागे पातळ पुठ्ठा ठेवा.