शांती मिळाली का, म्हणून विचारता

हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. शाळेतल्या जुन्या सहकारी विचारतात, "ख्रिस्ती होऊन तुम्हाला नेमकं मिळालं काय हो?" आणि आमच्याच मंडळीतल्या बहिणी गळ घालतात, "बाई, महिला मेळाव्यात साक्ष द्या ना, एवढ्या दुखण्यात प्रभूने शांती कशी दिली ते सांगा."

पहिल्यांना उत्तर सोपं आहे. मी ख्रिस्ती झाले नाही, जन्मले. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 साली सुरू झालं, आमचं घराणं त्यानंतर कधीतरी त्यात आलं. मला कुणी ना काही दिलं, ना विचारलं. दुसऱ्यांना मात्र मी आजवर गुडघेदुखीची सबब सांगत आले.

विशीत मी दिली होती साक्ष. इस्त्रीची पांढरी साडी, समोर माईक, आणि "येशूमध्ये मला परिपूर्ण शांती मिळाली आहे." त्या पोरीचं काय जात होतं? नुकतीच डी.एड. झालेली, लग्न ठरत आलेलं. पण ती खोटं बोलत होती असंही मला म्हणवत नाही. तिला काहीतरी गवसलं होतं खरं. फक्त त्याला नाव द्यायची फार घाई झाली होती.

ह्यांना झटका आला तो मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात-पाय गेला आणि वाचाही. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाकडे एकच शब्द उरला, 'मंगळवार'. पाणी हवं, मंगळवार. अंथरूण ओलं झालं, मंगळवार. माझा राग आला की तोच शब्द, दातओठ खाऊन. कोणता मंगळवार कशाचा, ते मला हळूहळू सुरावरून कळायला लागलं.

त्या दिवसांत घरी प्रार्थनासभा ठेवली होती. पाळकांबरोबर बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. गीतं झाली, वचन झालं, शेवटी सगळे प्रभूची प्रार्थना म्हणू लागले. मध्येच खाटेकडून आवाज आला. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." हे म्हणत होते! मी म्हणायची थांबले. ह्यांनी 'ऋण्यांस ऋण सोडले आहे' हे अवघड जागेचं वाक्यसुद्धा न अडखळता पार केलं आणि थेट आमेनपर्यंत गेले. बायका रडायला लागल्या. उपदेशकांनी उठून ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला, वाचा मोकळी झाली म्हणून जाहीर केलं. मग माझ्याकडे वळले. "आता बाईंचाच विश्वास कमी पडला नाही, तर पुढच्या महिन्यात हे स्वतः उभं राहून साक्ष देतील."

मी खाली वाकले आणि ह्यांना विचारलं, "पाणी हवं का?"

"मंगळवार."

खोलीत कुणी हलेना. उपदेशक म्हणाले, "ह्या घरात कुठेतरी अविश्वास लपलाय." मी म्हटलं, "चहा झाला असेल तर निघा आता." पाळकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी प्रभुभोजनाचा पेला सांडला.

पुढे स्पीच थेरपिस्टने नीट समजावलं. ह्याला वाचाघात म्हणतात. मनातलं नवं वाक्य जुळवायची सोय गेली तरी लहानपणापासून तोंडात बसलेलं बरंच काही टिकू शकतं. प्रार्थना, गाणी, आकडे, शिव्या. शिव्यांचं तर लगेच पटलं. जन्मात 'गाढवा'च्या पुढे न गेलेला हा माणूस व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलाला अशी काही हासडतो की मी स्वयंपाकघरात पळते. मग प्रार्थना हा चमत्कार असेल, तर शिवी कुणाच्या नावावर मांडायची?

त्यानंतर बरेच रविवार मी चर्चची पायरी चढले नाही. समजूत घालायला येणाऱ्या बहिणी पंडिता रमाबाईंचा दाखला द्यायच्या. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा, आणि त्यांनीच लिहून ठेवलंय की खरा ख्रिस्त सापडायला त्यानंतर आठेक वर्षं गेली. आमच्याकडे गोष्ट तिथे संपवतात. पण 1921 साली त्यांची मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, आणि मधल्या महिन्यांत बायबलच्या भाषांतराचं काम काही त्यांनी सोडलं नव्हतं. त्या महिन्यांबद्दल मेळाव्यात बोलताना मी कुणाला ऐकलेलं नाही. मला ऐकायचं असतं ते तेवढंच.

माझ्याकडे काय आहे म्हणाल, तर स्तोत्र 88. रात्री ह्यांना वाचून दाखवते. रात्रंदिवस देवाला हाका, आणि शेवट अंधारात. ना आभार, ना स्तुती. तरी ते कुणी गाळलं नाही, बायबलात राहू दिलं. माझा विश्वास सध्या त्या खुंटीला अडकवलेला आहे. मग आम्ही दोघं प्रभूची प्रार्थना म्हणतो. दिवसभरात तेवढा वेळ नवराबायको एका वाक्यात असतो. ते यंत्रासारखं येतं, थेरपिस्टचं बरोबर आहे. मला ती कृपा वाटते, तेही मी मागे घेणार नाही. विशीतली ती पोरगी लगेच मान वर काढते, 'बघ, मी म्हणत नव्हते?' तिला सांगते, गप बस, चादर बदलायचीय.

आणि काही रात्री प्रार्थनाही नसते. परवा 'मंगळवार मंगळवार' ऐकून मी ओरडले, "आज शुक्रवार आहे!" हे हसले. मला नाही हसू आलं.

तर साक्ष हवीच असेल तर येते. पण मध्ये कुणी 'हालेलूया' म्हणायचं नाही, आणि माझं झाल्यावर त्याला आनंदाचा शेवट जोडायचा नाही. ह्यांनाही आणणार आहे. चर्चच्या पायऱ्यांवरून व्हीलचेअर कशी चढवायची, ते तेवढं आधी ठरवा.