इअरफोन घेताना मी आधी रबर बघते

नाशिकरोडहून सातपूर एमआयडीसीला रोज सिटीलिंकच्या बसने जायचं म्हणजे ऐकायला भरपूर वेळ मिळतो. द्वारका चौकात ट्रॅफिक, सीबीएसच्या बसस्टँडवर चढणाऱ्यांची झुंबड, मग त्र्यंबक रोड. एवढ्या वेळात एखादा विलंबित ख्याल आरामात होतो. मी ऐकते ते बहुतेक शास्त्रीयच, त्यामुळे तानपुरा, तबला आणि गाणाऱ्याचा गळा वेगवेगळे कळले पाहिजेत, एवढी माझी साधी मागणी. जुन्या इअरफोनची वायर पिनपाशी तुटली आणि नवे घ्यायची वेळ आली.

माझी अडचण आवाजाच्या आधी कानापासून सुरू होते. माझ्या कानाची भोकं लहान, त्यातही डावं उजव्यापेक्षा अरुंद. नुसते कानाच्या पाळीत अडकवायचे इअरफोन बस गतिरोधकावरून गेली की खाली. आत जाणारे असतील तर त्यांच्या टोकाला आधीच बसवून दिलेलं मधल्या मापाचं रबर थोड्या वेळाने ठणकायला लागतं. बॉक्समध्ये लहान आणि मोठी रबरंही दिलेली असतात, पण बहुतेकांच्या घरी ती पिशवीतून बाहेरच येत नाहीत.

एमजी रोडवर मोबाईलची दुकानं ओळीने आहेत, तिथून सुरुवात केली. काउंटरवरचा मुलगा पहिल्यांदा म्हणाला, "ताई, यात बास एकदम खतरनाक आहे." मी म्हटलं, कानात घालून बघता येईल का? "नाही ताई, सील फोडलं की परत नाही होणार." त्याचंही बरोबरच आहे, कानात घालायची वस्तू, दुसऱ्याने वापरलेली कोण घेईल? शेवटी एका दुकानात ऐकवायला ठेवलेले डेमो पीस निघाले. मी घरून माझी जुनी सिलिकॉनची रबरं आणि औषधाच्या दुकानातले स्पिरिटचे स्वॅब नेले होते. डेमोचं रबर काढायचं, ते ज्यावर बसतं ती इअरफोनची नळी पुसायची, माझं रबर चढवायचं. दुकानदार आधी विचित्र नजरेने बघत होते, नंतर म्हणाले, "ही आयडिया चांगली आहे हो ताई." एक अडचण मात्र येते. सगळ्या इअरफोनच्या नळीची जाडी सारखी नसते. काहींवर माझी रबरं चढेनात, काहींवर इतकी सैल बसली की कानातच राहायची भीती. तसे पीस मी तिथेच बाजूला ठेवले.

आता ऐकायचं कसं? दुकानातला मुलगा ढॅणढॅण गाणं लावून देतो, त्यात काहीच कळत नाही. मी माझ्याच मोबाईलवरचं, पाठ असलेलं एक रेकॉर्डिंग लावलं. सुरुवातीला नुसता तानपुरा, मग तबला येतो. माझी परीक्षा डग्ग्याची, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खालच्या आवाजाच्या वाद्याची. तबलजी मनगट दाबून सरकवतो तेव्हा येणारा तो घुमारा ऐकू आला तर रबर नीट बसलंय. नुसतंच कोरडं 'टप' ऐकू आलं तर कुठेतरी फट आहे.

एक महागातला पीस मला पहिल्यांदा पत्र्याचा वाटला. बोटाने अलगद आत दाबला आणि डग्गा एकदम जिवंत झाला, बोट सोडलं की पुन्हा गायब. म्हणजे इअरफोन बिचारा ठीक होता, रबर हवाबंद बसत नव्हतं. इअरफोनच्या आतला पडदा इवलासा असतो. कानाच्या बंद नळीतली थोडीशी हवा तो सहज हलवू शकतो, पण फट राहिली की खालच्या पट्टीचा दाब बाहेर निसटतो आणि उरतो तो किणकिणाट. लोक 'बास नाही' म्हणून इअरफोनला नावं ठेवतात, तेव्हा बऱ्याचदा दोष रबराच्या मापाचा असतो असं माझं ठाम मत झालंय.

घालायचीही एक पद्धत आहे. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा. मोठ्या माणसांच्या कानाची नळी त्यामुळे थोडी सरळ होते आणि रबर न भांडता आत जातं. मग तोंड उघडून मिटून बघायचं, कारण जबड्याबरोबर नळीचा आकार बदलतो. काही इअरफोन घालताना आत 'कर्र' असा आवाज येतो. तो दाबामुळे इअरफोनचा पडदा वाकल्याचा असतो, हळू घातलं की येत नाही.

डग्ग्याच्या परीक्षेत पास झालेल्यांतलेही काही मला चालले नाहीत. हार्मोनियम आणि बायकांचा वरचा षड्ज टोचायला लागला. मोकळा कान साधारण 3 किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज स्वतःच वाढवून ऐकतो. इअरफोनने नळी बुजली की ही नैसर्गिक वाढ जाते, म्हणून बनवणारे ती इअरफोनमध्येच भरून देतात. कमी भरली तर गाणारा पडद्यामागे बसल्यासारखा वाटतो, जास्त झाली तर अर्ध्या तासात डोकं उठतं. बॉक्सवरचं '20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ' वाचून यातलं काहीही कळत नाही. आत ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, एक आहे की चार, यावरूनही नाही.

वायर की ब्लूटूथ यावर मी फार डोकं चालवलं नाही. चार्ज करायची अजून एक वस्तू मला नको होती आणि गर्दीत एक बड पडला तर तो शोधणार कोण? माझ्या मोबाईलला इअरफोनच्या पिनचं 3.5 मिमीचं भोक नाही, म्हणून चार्जिंगच्या टाइप-सी भोकात बसणारा छोटा डोंगल घेतला. वायरला खोड एकच: ओढणीवर घासली की कानात खरखर येते. कानावरून मागे वळवून घेतली की ती बरीच कमी होते. चष्म्याची काडी आणि वायर एकाच जागी भांडतात, त्यामुळे आधी वायर, मग चष्मा. झुमके असले तर त्या दिवशी आणखी कसरत.

गोंगाट मारणारे, म्हणजे एएनसीवाले, एका मैत्रिणीचे बसमध्ये घालून पाहिले. इंजिनची एकसुरी घरघर ते छान खातात, शेजारच्या सीटवरची फोनवरची भांडणं मात्र बरीचशी ऐकू येतातच. तिथे हवाबंद बसलेलं रबर जास्त कामाला येतं. बाहेरचा आवाज अडला की व्हॉल्यूमही खालीच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्यांसाठी 80 डेसिबल आठवड्याला 40 तास ही मर्यादा आहे. आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. बसमधून उतरताना मात्र मी दोन्ही काढून टाकते. द्वारकेचा चौक कान बंद करून ओलांडायची जागा नव्हे.

शेवटी घेतले ते दीड-दोन हजारांतले वायरवाले, एकाच ड्रायव्हरचे, छोट्या आकाराचे, वायर सुटी होणारे. पिनपाशी तुटली तर आता फक्त वायर बदलायची. मॉडेलचं नाव ऑफिसमध्ये सगळे विचारतात, पण माझ्या शेजारच्या टेबलावरच्या दादांनी माझेच घालून पाहिले तर त्यांच्या कानातून ते घसरून पडले, मग नुसतं नाव सांगून काय उपयोग?

सध्या उजवीकडे लहान सिलिकॉन आणि डावीकडे फोमचं रबर अशी जोडी आहे. दोन्हीकडे एकच माप असलं पाहिजे असा काही नियम नाही. फोम बोटांत चुरगाळून घालायचा आणि तो फुगेपर्यंत धरून ठेवायचा. वरचा आवाज किंचित मऊ होतो, पण ठणका नाही. सिलिकॉनचं रबर काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुते, पूर्ण वाळलं की चढवते. फोम धुवायच्या भानगडीत पडत नाही, फुगायचा बंद झाला की नवा. नळीच्या जाळीवरचा मळ कोरड्या मऊ ब्रशने काढते, तोही जाळी खाली धरून, म्हणजे निघालेला मळ आत पडत नाही.