खाऱ्या वाऱ्यातला पत्रा

जुन्या स्पोर्ट्स कारचा पत्रा घरी कसा दुरुस्त करावा, याविषयी जे काही छापलेले मिळते, त्यातील बरेचसे इंग्लंडमधल्या माणसांनी लिहिलेले आहे. त्यांच्याकडेही गंज आहेच. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी ते मीठ टाकतात आणि गाडी खालून सडते. पण ऋतू पालटला की त्यांचे मीठ संपते. आमच्याकडे रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ते बारा महिने वाऱ्यावर स्वार होऊन येते आणि छपरापासून चाकापर्यंत कुठेही बसते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून घेते आणि त्यात विरघळते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते त्यामुळेच. म्हणजे गाडीवर पावसाचा एक थेंबही पडू दिला नाही, तरी तिच्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा अदृश्य थर असतोच. इथे काम करायचे तर गंजाइतकीच हवेचीही ओळख ठेवावी लागते.

माझी गाडी आहे ट्रायम्फ स्पिटफायर, १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये तयार होत असलेली दोन आसनांची उघडी गाडी. माझे मामा बोटीवर होते. त्यांनी ती हौसेने परदेशातून आणली आणि त्यांच्या पश्चात ती आमच्या रिकाम्या झालेल्या गोठ्यात येऊन उभी राहिली. ज्यांनी मद्रासला तयार होणारी स्टँडर्ड हेराल्ड पाहिली असेल, त्यांना ही गाडी अगदीच परकी वाटणार नाही. दोन्हींची रेखाटने मिकेलोत्ती या इटालियन आरेखकाची, आणि दोन्हींचे बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटते. मात्र या बहिणींमध्ये एक महत्त्वाचा फरक आहे. हेराल्डच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, दोन्ही अंगांना आधाराच्या पट्ट्या आहेत. स्पिटफायरच्या चासीला त्या नाहीत. मधला कणा तेवढा आहे आणि बाजूंची ताकद दाराखालच्या पोकळ पेटीवर, म्हणजे सिलवर सोपवलेली आहे. त्यामुळे जो भाग सर्वांत आधी सडतो, तोच गाडीला सरळ धरून ठेवणारा असतो.

या एका गोष्टीमुळे कामाचा सगळा क्रम ठरतो. सिलचे तीन पदर असतात, बाहेरचा, आतला आणि दोहोंच्या मध्ये उभा राहणारा मजबुतीचा पत्रा. हे तिन्ही एकदम कापून काढले तर गाडी मधोमध खचते आणि मग दार कितीही घासले तरी बसत नाही. म्हणून कापण्याआधी दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत लोखंडी पट्टी वेल्डिंग करून पक्की बसवायची, गाडीच्या चासीला खालून टेकू द्यायचे, आणि प्रत्येक टप्प्याला दार लावून त्याची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते पाहायचे. दार कुरकुरले की काम थांबवायचे. डेंटिंगचे काम करणारे आमच्या गावातले कारागीर हाताने फार तरबेज आहेत. हातोडा आणि पत्र्यामागे धरलेला लोखंडी ठोकळा, म्हणजे डॉली, यांच्या आवाजातला फरक ऐकून पत्रा कुठे ताणला आहे ते सांगतात. परंतु त्यांचा सगळा जन्म आजच्या गाड्यांचे ठोकलेले कोपरे काढण्यात गेलेला असल्यामुळे, आधी पट्टी आणि मग करवत हा क्रम त्यांना उगाच वेळकाढूपणाचा वाटतो.

नवा तुकडा मी २० गेजच्या, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून कापतो. इतका पातळ पत्रा सलग वेल्डिंगने वाकडा होतो, म्हणून एक टाका इथे, दुसरा वीतभर दूर, मग थंड होऊ देणे, असे करत टाक्यांमधले अंतर भरत जायचे. इथे समुद्र पुन्हा आड येतो. मिग वेल्डिंगमध्ये वितळलेल्या धातूभोवती गॅसचे आवरण लागते. दुपारचा वारा गोठ्यात शिरला की ते आवरण उडून जाते आणि टाका जाळीदार होतो. पश्चिमेच्या बाजूला ताडपत्री बांधल्याशिवाय मशीन चालू करण्यात अर्थ नसतो.

घासून पांढरा केलेला पत्रा संध्याकाळपर्यंत पिवळसर दिसू लागतो, आणि उघड्या हाताने धरला असेल तर बोटांचे ठसे तपकिरी होऊन उमटतात, कारण घामातही मीठ आहेच. म्हणून आज जेवढ्या पत्र्याला एपॉक्सी प्रायमर लावून होईल, तेवढाच आज उघडा करायचा. घासण्याच्या आधी तो गोड्या पाण्याने धुवावा. नाहीतर घासायचा पेपर मीठच पत्र्याच्या खाचांत रगडतो. आमची विहीर वैशाखात मचूळ होते, तेव्हा पाणी नळाचे. गंजलेल्या बोल्टांसाठी शेजारच्या काकूंनी कोकमाचा आगळ सुचवला होता. सूचना शास्त्राला धरून होती, कारण आमसुलाचे आम्ल गंज खरोखर सोडवते. फक्त आगळात मीठ घातलेले असते, हे त्यांनीच हसत हसत लक्षात आणून दिले.

मिरकरवाडा बंदरातल्या एका ओळखीच्या तांडेलाचे म्हणणे वेगळे होते. “फायबर मारा नि मोकळे व्हा,” असे तो म्हणाला, आणि होड्यांच्या बाबतीत त्याचे बरोबर आहे. अख्खी गाडी फायबरची करण्यातही गैर काही नाही. १९५३ सालच्या पहिल्या कॉर्व्हेटचे अंग फायबरचेच होते. पण गंजलेल्या लोखंडावर फायबर चढवले की ओल आत कोंडली जाते, आणि वरून गुळगुळीत दिसणाऱ्या थराखाली पत्रा निवांतपणे संपत जातो. पुट्टीचेही तेच. टाक्यांवरची किरकोळ उंचसखलता भरण्यापुरती ती चांगली. भोकावर तिचा उपयोग म्हणजे गंजाला पांघरूण देणे.

मला स्वतःला बाहेरच्या चकाकीपेक्षा आतली पोकळी महत्त्वाची वाटते. आमचे जांभ्याचे घर टिकले ते पाणी अडवल्यामुळे नव्हे, तर पागोळीपासून गटारापर्यंत त्याला वाट दिल्यामुळे; सिलचेही तसेच आहे. तिच्या तळाला निचऱ्याची भोके असतात आणि ती वर्षानुवर्षांच्या मातीने बुजलेली असतात. ती तारेने मोकळी करणे आणि वेल्डिंग निवल्यावर पोकळीत नळीने मेण फवारणे, ही कुणालाही न दिसणारी कामे आहेत. पूर्वी किनाऱ्यावर लाकडी होड्यांना माशाचे तेल लावत असत. रॉबर्ट फर्ग्युसन नावाच्या एका स्कॉटिश कप्तानाने तर डेकवर सांडलेल्या माशाच्या तेलाखाली गंज थांबलेला पाहिला आणि त्यावरून १९२१ मध्ये अमेरिकेत गंजरोधक रंगांची कंपनी काढली, असे सांगतात. मेणच बरे असे मात्र घरच्यांचे मत पडले, आणि वासाचा विचार करता ते मला मान्य आहे.

रंगाचे वेळापत्रक शाळेतल्या भूगोलावर बेतावे लागते. पहाटे दव असते आणि जमिनीवरून मतलई वारा वाहतो. दव सुकल्यानंतर आणि दुपारचे खारे वारे सुरू होण्याआधी जो थोडा वेळ मिळतो, तेवढाच रंगाचा. जुना ड्युको, म्हणजे थिनर उडून झटकन सुकणारा रंग, दमट हवेत मारला की थिनर उडताना पत्रा थंड होतो, त्यावर ओल धरते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. त्यामुळे मिरगाच्या आत उजवी सिल प्रायमरखाली आणायची, पावसाळाभर बोल्ट आणि बिजागऱ्या साफ करत बसायचे, आणि रंगाची गन मार्गशीर्षात हातात घ्यायची, असे ठरले आहे. रंग लाल असावा की पांढरा, यावरून घरात दोन तट पडलेले आहेत; डावी सिल अजून कापायची आहे, हे त्यांच्यापैकी कुणी विचारात घेतलेले दिसत नाही.