खुंटीवरचा तीन नंबर

परवा दुपारी इस्त्रीच्या गठ्ठ्यात आमचा नसलेला एक टी-शर्ट आला. लाल-काळे उभे पट्टे, इस्त्रीवाल्याने ऑफिसच्या शर्टाला घालतो तशी कडक घडी घातलेली, आणि पाठीवर मोठ्ठा 3. वर कुठलं नाव असणार ते मला माहीत होतं, तरी घडी उलगडली. मालदिनी. पाओलो मालदिनी, इटलीचा जुना फुटबॉलपटू, बॅक, म्हणजे समोरच्याला आपल्या गोलपर्यंत येऊ न देणारा. मग वरणाला फोडणी द्यायची राहिली आणि मी तो टी-शर्ट मांडीवर घेऊन सोफ्यावर बसून राहिले. घरात कोणी नव्हतं ते बरं.

तासाभरात समोरच्या विंगमधला मुलगा आलाच. काकू, माझी जर्सी तुमच्याकडे आलीये का? अकरावीला असेल. म्हटलं, मालदिनी माहितीये का रे तुला? म्हणाला, हो मग, आयकॉन आहे ना, माझ्या टीममध्ये लेफ्ट बॅकला तोच असतो, त्याच्या बाजूने कोणी जातच नाही. गेममधल्या टीमबद्दल बोलत होता. हा पोरगा पाळण्यात होता तेव्हा मालदिनीने बूट काढून ठेवले होते. पण "त्याच्या बाजूने कोणी जातच नाही" हे मात्र त्याने बरोबर सांगितलं, माझ्या वडिलांनी, आण्णांनी, यापेक्षा वेगळं काही सांगितलं नसतं.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. म्हणजे फुटबॉल आमच्याकडे टीव्हीवरनं आलेला नाही, पेठेतनं आलाय. आण्णा मला शाहू स्टेडियमवर न्यायचे, तेव्हा तिथे मुली फारशा नसायच्या, पण आण्णांना त्याचं काही नव्हतं, शेंगांची पुडी माझ्या हातात दिली की त्यांचं बापाचं कर्तव्य संपलं. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीमची मॅच असली की मागच्या पायरीवर म्हातारे बसलेले असायचे आणि त्यांची मॅच वेगळीच चाललेली असायची. मैदानावर कोण आहे यापेक्षा तो कुणाचा आहे याच्यावर त्यांची चर्चा. ह्याचा बा सेंटर हाफला खेळायचा, काय दणका होता, ह्याला काय येतंय. किंवा, आज्ज्यावर गेलाय बघ, पळतोय तसाच. पोराने बॉलला पाय लावायच्या आधीच त्याचा निकाल लागलेला असायचा.

आणि मी बॉलमागे मान फिरवत बसले की आण्णा गुडघ्यावर चापट मारायचे. "बॉलकडं काय बघतीस, बॉल काय पळून चाललाय? बॅककडं बघ."

ती खोड मला अजून आहे. घरात सगळे मॅच बघत असतात आणि मी स्क्रीनच्या कडेला कोण कुठे सरकतंय ते बघत असते, मग गोल होतो, सगळे ओरडतात आणि मी विचारते, कुणी मारला? नवरा आता उत्तरसुद्धा देत नाही.

1994 च्या वर्ल्ड कपची फायनल आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर होती. गल्ली सगळी ब्राझीलची, आण्णा एकटे इटलीचे, कारण इटलीचे बॅक. पॅसाडिनातलं ते भर दुपारचं ऊन आणि आमच्याकडे पंख्याखाली बसलेले आम्ही. इटलीचा दुसरा बॅक बारेसी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन-साडेतीन आठवड्यांत उभा राहिला होता आणि त्याच्या शेजारी मालदिनी. मला तोपर्यंत वाटायचं की बॅक म्हणजे घसरत येऊन पाय घालणारा, चड्डी मळलेला माणूस. आणि ह्याची चड्डी पांढरीशुभ्र. समोरून ब्राझीलचा रोमारिओ यायचा, हा जागेवरनं हलायचाच नाही, म्हणजे हलायचा, पण मागे मागे, तिरका, एक खांदा पुढे करून, आणि असं करत करत समोरच्याला त्याला जायचं नव्हतं तिकडे नेऊन सोडायचा. पाय पुढे टाकायचा तो अगदी शेवटी. "हा पडत कसा न्हाई?" आण्णा सारखं म्हणत होते. एकशेवीस मिनिटं गोल नाही, गल्ली कंटाळून पेंगायला लागली आणि आण्णा मात्र सुखात होते. मग पेनल्टी, बारेसीची वर, मास्सारोची अडवली, बाज्जोची आकाशात, आणि बाहेर फटाके. आण्णांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, पेनल्टी म्हणजे काय फुटबॉल न्हवं.

आईला मालदिनी देखणा वाटायचा, ते वेगळं.

पुढे वाचून वाचून कळलं की हा मूळचा उजव्या पायाचा. डावीकडे खेळवला तर डावा पाय असा तयार केला की लोक विसरूनच गेले. 20 जानेवारी 1985 ला उदिनेमध्ये, उदिनेझेविरुद्ध, एकजण जखमी झाला म्हणून लीडहोम नावाच्या स्वीडिश कोचने सोळा वर्षांच्या पोराला हाफटाइमला आत पाठवलं. मग 2009 पर्यंत तो बाहेर आलाच नाही म्हणायचं. मिलानकडून, म्हणजे त्या लाल-काळ्या पट्ट्यांच्या क्लबकडून, 902 मॅचेस. इटलीची लीग सात वेळा, युरोपातल्या क्लबांचा युरोपियन कप पाच वेळा. इटलीकडून 126 मॅचेस आणि त्यात एकही कप नाही. 94 ला फायनल हरला, 2000 च्या युरोची फायनल हरला, 2002 ला कोरियाविरुद्ध ज्या हेडरने इटली बाहेर गेली तो मारणाऱ्याबरोबर उडी मारणारा हाच होता आणि उडी कमी पडली. त्यानंतर त्याने इटलीकडून खेळणं थांबवलं, आणि चार वर्षांनी इटलीने वर्ल्ड कप जिंकला. आता याला काय म्हणायचं.

पण मागच्या पायरीवरच्या म्हाताऱ्यांसाठी खरी गोष्ट त्याच्या बापाची. चेझारे मालदिनी, ट्रिएस्टेचा. हाही मिलानचा बॅक आणि हाही कॅप्टन. 1963 ला वेम्ब्लीवर बेन्फिकाविरुद्ध आधी युसेबिओचा गोल बसला, मग अल्ताफिनीने दोन मारले, आणि युरोपियन कप चेझारेने उचलला, इटलीच्या कुठल्याही क्लबचा तो पहिला. बरोबर चाळीस वर्षांनी, 2003 ला, परत इंग्लंडातच, मँचेस्टरला, पाओलोने उचलला. कुणी बनवून सांगितलं असतं तर आण्णा म्हणाले असते, थापा मारू नको.

चेझारेची मला आवडणारी गोष्ट मात्र कप उचलण्याची नाही. हा माणूस बॅक असून बॉल पायात घेऊन, समोरच्याला चकवून, ऐटीत बाहेर पडायला बघायचा, आणि कधीकधी आपल्याच गोलसमोर बॉल घालवून बसायचा. इतक्या वेळा, की इटलीच्या पेपरवाल्यांनी अशा चुकांना नावच पाडलं, मालदिनाते. म्हणजे ज्या आडनावाचा अर्थ पुढे "इथून कोणी जात नाही" असा झाला, ते आधी गोंधळाचं नाव होतं. हे मला कळलं त्या दिवशी मी उगाचच खूश होते.

मग बाप कोच झाला. अंडर-21 ला पोरगा त्याच्या हाताखाली, नंतर 98 च्या वर्ल्ड कपला इटलीचा कोच बाप आणि कॅप्टन पोरगा. इटलीत खेळाडू कोचला "मिस्टर" म्हणतात, मग हा काय म्हणत असेल, चहाच्या टेबलावर पप्पा आणि ग्राउंडवर मिस्टर? फ्रान्सविरुद्ध परत पेनल्टीवरच हरले, दी बियाज्योची बारला लागली, आणि बापाने राजीनामा दिला. 2002 ला तर आणखी मजा, सत्तरीचा बाप पॅराग्वेचा कोच आणि पोरगा इटलीचा कॅप्टन, एकाच वर्ल्ड कपात, आणि दोघेही शेवटच्या सोळात गेले आणि तिथूनच घरी. ते घरी गेल्यावर एकमेकांशी काय बोलले असतील याच्यावर मी खरंच कधीकधी भांडी लावताना विचार करते.

2009 चा मे महिना. सान सिरोवरची त्याची शेवटची मॅच, रोमाविरुद्ध, त्यात 3-2 ने हरले. मॅचनंतर तो एकेचाळिशीला आलेला माणूस हात हलवत मैदानाला चक्कर मारायला निघाला आणि कुर्वा सूदमधून, म्हणजे मिलानच्याच कट्टर पोरांच्या स्टँडमधून, शिट्ट्या. टोमणे मारणारे बॅनर, मिलानच्या आधीच्या कॅप्टनचा, बारेसीचा, 6 नंबरचा भलामोठा टी-शर्ट, आणि घोषणा की कॅप्टन एकच, बारेसी. जुनं भांडण होतं, 2005 च्या युरोपियन फायनलला इस्तंबूलमध्ये लिव्हरपूलविरुद्ध तीन गोलची आघाडी घालवल्यानंतरचं, आणि हा ताठ माणूस, त्या लोकांपुढे कधी वाकला नव्हता. पुढच्या आठवड्यात फ्लॉरेन्सला परक्या स्टेडियमने उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी आण्णांना फोनवर सांगितलं तर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पंचवीस वर्षं एका पेठेकडनं खेळला आणि शेवटी शिट्ट्या? आपल्याकडं असलं चालत न्हाई." आपल्याकडं काय काय चालतं ते शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मीही ऐकलं होतं, पण बोलले नाही.

तर क्लबने 3 नंबर खुंटीला टांगला. कोणाला द्यायचा नाही, फक्त त्याच्या पोरांपैकी कोणी पहिल्या टीममध्ये आला तर त्याला. थोरला क्रिस्टियन मिलानच्याच अकॅडमीतला, तोही बॅक, पण तो खालच्या डिव्हिजनमध्ये खेळत राहिला. धाकटा डॅनिएल आला. फेब्रुवारी 2020 मध्ये सान सिरोवर, वेरोनाविरुद्ध, अगदी शेवटच्या मिनिटांत आत गेला. आणि हा निघाला फॉरवर्ड! पाठीवर 98, नंतर 27. खुंटीवरचा तसाच खुंटीवर.

हे बरं असतं बहुतेक. रोहन गावसकर डावखुरा, अर्जुन तेंडुलकर मुळात बॉलर. पोरं आपली जरा बाजूला सरकून उभी राहतात, लोक तरी मोजपट्टी घेऊन तिथे पोचतातच.

सप्टेंबर 2021 ला स्पेझियाविरुद्ध डॅनिएल पहिल्यांदा लीगमध्ये सुरुवातीपासून खेळला आणि हेडरने गोल मारला. वर स्टँडमध्ये बाप, आता क्लबचा डायरेक्टर, कोटबिट घालून, आणि नेहमी दगडासारखा असणारा तो चेहरा एकदम फुटला. ती क्लिप मी किती वेळा बघितलीये ते सांगणार नाही. त्या सीझनला मिलानने लीग जिंकली, म्हणजे आजोबांच्या चार, बापाच्या सात, पोराची एक. पण त्याहून भारी पुढच्या वर्षीचं. पोराला लोनवर, म्हणजे तात्पुरतं उसनं, त्याच स्पेझियाला पाठवलेलं, आणि नोव्हेंबरमध्ये तो सान सिरोवर येऊन मिलानवरच गोल मारून गेला. वर बाप बसलेला. डायरेक्टर म्हणून तोंड पाडायचं की बाप म्हणून हसायचं? जिरूने शेवटी गोल मारून मिलानला जिंकवलं म्हणून सुटला बिचारा. पुढच्या जूनमध्ये क्लबने बापालाच घरी पाठवलं आणि वर्षभरात पोरगाही पूर्णपणे मोन्झाचा झाला, मग अटलांटा. घराण्याचं आणि मिलानचं खातं तेवढ्यापुरतं बंद.

14 ऑक्टोबर 2024 ला तो इटलीकडून पहिल्यांदा खेळला, इस्रायलविरुद्ध. आजोबा 14 मॅचेस, बाप 126, हा तिसरा. आणि मॅच कुठे, तर उदिनेला, त्याच ग्राउंडवर जिथे लीडहोमने बापाला आत ढकललं होतं. ट्रिएस्टे तिथून जवळच. आण्णा तोवर गेले होते, नाहीतर हा फोन मी नक्की केला असता. अर्थात त्यांनी त्यालाही नावं ठेवली असती, फॉरवर्ड काय कोणीबी हुतंय म्हणून.

आणि मी तरी काय, डॅनिएलची एकही मॅच पूर्ण बघितलेली नाही. रात्री उशिरा असतात, सकाळी डबे असतात. हायलाइट्स बघते. त्यात बॅक दिसतच नाहीत. हा एकाला चकवून आत शिरतो, कॅमेरा ह्याच्याबरोबर जातो, आणि मागे जो राहतो तो कोण, कुठला, कुणाचा, काही पत्ता लागत नाही.