शेअरचा जुना भाव वाचताना

कोकणात शेअर आले ते मुंबईच्या वाटेने. चाकरमान्यांनी नोकरीच्या काळात घेतलेले, कंपनीने कामगारांना दिलेले किंवा एखाद्या नातलगाच्या सांगण्यावरून अर्ज भरून मिळालेले शेअर आज रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीच्या घरांत पुढच्या पिढीच्या नावावर होत आहेत. शिवाय काही कंपन्या आपल्या अंगणातल्याच आहेत. फिनोलेक्स इंडस्ट्रीजचा पीव्हीसीचा कारखाना रत्नागिरीजवळ रनपारला आहे, जेएसडब्ल्यू एनर्जीचा वीजप्रकल्प जयगडला आहे, आणि या कंपन्यांचे शेअर बाळगणारी माणसे मला नेहमी भेटतात. हे शेअर विकताना, वाटून घेताना किंवा आयकर विवरणपत्र भरताना प्रत्येकाला केव्हातरी जुना भाव शोधावा लागतो. तो मोबाइलवर क्षणात सापडतो. मात्र सापडलेला आकडा नेमका कशाचा आहे हे पाहण्याची सवय आपल्याकडे अजून रुजलेली नाही, आणि ती रुजावी असे मला मनापासून वाटते.

फिनोलेक्सचेच पाहू. एप्रिल 2021 मध्ये या कंपनीने विभाजन करून 10 रुपये दर्शनी मूल्याच्या, म्हणजे शेअरवर नोंदलेल्या मूळ किमतीच्या, एका शेअरचे 2 रुपयांचे पाच शेअर केले. विभाजनाच्या आधी सहाशे रुपयांच्या वर असलेला भाव त्यामुळे एका दिवसात पाचवा हिस्सा झाला. शेअरधारकाचे नुकसान काहीच झाले नाही, कारण त्याच्याकडचे शेअर पाचपट झाले. आता 2020 सालचा भाव पाहायला गेलात तर दोन आकडे समोर येऊ शकतात. शेअर बाजाराच्या त्या दिवशीच्या भावकॉपीत, म्हणजे बाजार बंद झाल्यावर रोज निघणाऱ्या भावपत्रकात, प्रत्यक्ष व्यवहार ज्या भावाने झाले तो भाव आहे. बहुतेक आलेखांत आणि मोफत संकेतस्थळांवर त्याला पाचाने भागून आलेला समायोजित भाव दिसतो. दोन्ही आकडे बरोबरच आहेत. वाशीच्या मार्केटमध्ये हापूसच्या पेटीला काय भाव निघाला हे पेटी किती डझनांची होती ते कळल्याशिवाय बागायतदार विचारात घेत नाही. शेअरच्या जुन्या भावाबाबतही एक शेअर म्हणजे आजचे किती शेअर, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे.

भावाचे समायोजन विभाजनापुरते थांबत नाही. बोनस शेअर, म्हणजे पैसे न घेता दिलेले जादा शेअर, दिले की तेच होते, आणि अनेक वर्षांच्या बोनसांचा परिणाम एकमेकांवर गुणाकाराने चढत जातो. इन्फोसिसने 1993 मध्ये 95 रुपयांना शेअर विकले. पुढे 1994, 1997 आणि 1999 मध्ये एकास एक बोनस, 2000 मध्ये दर्शनी मूल्य 10 वरून 5 रुपये, 2004 मध्ये एका शेअरला तीन बोनस, आणि 2006, 2014, 2015 व 2018 मध्ये पुन्हा एकास एक बोनस, असा क्रम झाला. ज्याने सुरुवातीचे 100 शेअर शेवटपर्यंत ठेवले त्याच्याकडे 1,02,400 शेअर झाले. म्हणून समायोजित आलेखात 95 रुपयांची ती किंमत जेमतेम नऊ पैशांवर येते. नऊ पैशांना तो शेअर कोणीही, कधीही घेतलेला नाही. पण गुंतवणूक किती पटीने वाढली हे मोजायचे असेल तर तोच नऊ पैशांचा आकडा उपयोगाचा आहे.

काही ठिकाणी लाभांशसुद्धा जुन्या भावातून वजा केलेला असतो. याहू फायनान्सच्या तक्त्यात बंद भावाच्या स्तंभात विभाजनाचे समायोजन असते आणि त्याशेजारच्या समायोजित बंद भावाच्या स्तंभात लाभांशाचेही. घाईत चुकीचा स्तंभ उतरवून घेतला की सगळा हिशोब बिघडतो. कंपनीतून एखादा व्यवसाय वेगळा काढला तरी भाव खाली येतो. 20 जुलै 2023 रोजी रिलायन्समधून वित्तीय व्यवसाय वेगळा झाला, तेव्हा आदल्या दिवशी 2,841.85 रुपयांवर बंद झालेल्या शेअरचा भाव सकाळच्या विशेष सत्रात 2,580 रुपये ठरला. मधले 261.85 रुपये ही वेगळ्या निघालेल्या जिओ फायनान्शियलच्या शेअरची किंमत मानली गेली आणि तो शेअर भागधारकांना मिळालाच. आलेखात त्या दिवशी पडझड दिसली तर ती पडझड नव्हे, वाटणी होती.

या फरकाचा खिशावर थेट परिणाम होतो तो करात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. 2018 च्या अर्थसंकल्पाने शेअरवरील दीर्घकालीन भांडवली नफ्यावर, म्हणजे वर्षाहून अधिक काळ ठेवलेले शेअर विकून होणाऱ्या नफ्यावर, पुन्हा कर आणला, पण 31 जानेवारी 2018 पर्यंत झालेल्या वाढीला संरक्षण दिले. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या शेअरसाठी त्या दिवशी बाजारात नोंदलेला उच्चांक पाहायचा असतो. बंद भाव नव्हे, दिवसातला सर्वांत जास्त भाव. त्या दिवशी व्यवहारच झाला नसेल तर त्याआधी ज्या दिवशी झाला त्या दिवसाचा उच्चांक धरतात. हा उच्चांक आणि आपला विक्री भाव यांतील कमी असेल तो घ्यायचा, त्याची तुलना मूळ खरेदी भावाशी करायची, आणि त्या दोहोंतील जास्त असेल ती आपली खरेदी किंमत.

समजा, एखाद्या बाईंनी 2012 मध्ये 300 रुपयांनी 100 शेअर घेतले, 31 जानेवारी 2018 चा उच्चांक 1,000 रुपये होता, 2019 मध्ये एकास एक बोनस मिळाला, आणि आता सगळे 200 शेअर 900 रुपयांनी विकले. मूळच्या 100 शेअरसाठी 1,000 आणि 900 यांतील कमी म्हणजे 900, ते 300 पेक्षा जास्त, म्हणून खरेदी किंमत 900 आणि नफा शून्य. त्या तारखेनंतर मिळालेल्या 100 बोनस शेअरची खरेदी किंमत मात्र शून्य धरली जाते, त्यामुळे तिथे 90,000 रुपये नफा होतो. आता त्यांनी एखाद्या संकेतस्थळावरून समायोजित भाव घेतला, तर त्यांना 1,000 ऐवजी 500 हा आकडा दिसेल आणि मूळ शेअरवर, प्रत्यक्षात नसलेला, 40,000 रुपयांचा नफा कागदावर उभा राहील. इन्फोसिसचा शेवटचा बोनस सप्टेंबर 2018 मधला, म्हणजे या तारखेनंतरचा आहे, हे तो शेअर बाळगणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. विभाजनाची गोष्ट वेगळी, कारण तेथे नवा शेअर मिळत नाही, जुन्याचेच तुकडे होतात. फिनोलेक्सच्या बाबतीत त्या दिवसाच्या उच्चांकाला पाचाने भागणेच योग्य ठरते. 23 जुलै 2024 पासून या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या रकमेवर साडेबारा टक्के कर आहे. रक्कम मोठी असेल तर सीएंना दाखवावेच, पण दाखवताना भावकॉपीतला आकडा हातात असावा.

जुन्या भावांचा दुसरा उपयोग पुढच्या निर्णयासाठी होतो, आणि तेथे मला आकड्यांपेक्षा तारखांची जास्त काळजी वाटते. जेएसडब्ल्यू एनर्जीने डिसेंबर 2009 मध्ये 100 रुपयांना शेअर विकले. मार्च 2020 मध्ये, सगळा बाजार कोसळलेला असताना, तो 40 रुपयांच्या खाली होता. 2024 मध्ये त्याने सातशेचा टप्पा ओलांडला. पहिल्या विक्रीत घेऊन दहा वर्षे ठेवणाऱ्याला तो शेअर निकामी वाटला असेल, आणि 2020 च्या मार्चमध्ये घेणाऱ्याला सोन्याची खाण वाटला असेल. कंपनी तीच, जयगडची धुराडीही तीच. म्हणून ‘चार वर्षांत इतके पट’ असे कोणी सांगितले की ती चार वर्षे कोणत्या महिन्यापासून मोजली, हे आधी विचारावे, आणि शक्य असेल तर दर वर्षीच्या एकाच तारखेचे भाव वहीत एकाखाली एक लिहून, वेगवेगळ्या वर्षी घेतला असता तर काय झाले असते, हे स्वतः पाहावे. त्या शेजारी निफ्टीचा, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढलेल्या निर्देशांकाचा, आकडा लिहिला तर बाजाराच्या लाटेने वर गेलेला शेअर कोणता आणि स्वतःच्या बळावर गेलेला कोणता, हेही उमगते. तुलना न्याय्य व्हायची तर लाभांश धरलेला निफ्टीचा एकूण परतावा निर्देशांक घ्यावा. म्युच्युअल फंडांना सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी 2018 पासून तोच बंधनकारक केला आहे.

‘पूर्वी इतका होता, म्हणजे पुन्हा तितका होईल’ हा विचार जुन्या भावाच्या वाचनातला सर्वांत महाग आहे. येस बँकेचा शेअर ऑगस्ट 2018 मध्ये चारशेच्या घरात होता. मार्च 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, स्टेट बँक आणि इतर बँकांनी 10 रुपयांनी नवे शेअर घेऊन तिला सावरले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये 12 रुपयांनी आणखी शेअर विकले गेले. 2018 मध्ये सुमारे 230 कोटी असलेली शेअरसंख्या पुढे तीन हजार कोटींच्या वर गेली. चारशे रुपये भावाने 2018 मध्ये साऱ्या बँकेची बाजारातील किंमत सुमारे 92,000 कोटी होती. वाढलेल्या शेअरसंख्येला तेवढी किंमत व्हायला 30 रुपये भाव पुरतो. म्हणजे बँक पूर्वीइतकी मोठी झाली तरी भाव चारशे होणार नाही. भाव खाली आला म्हणून आणखी शेअर घेऊन आपल्या खरेदीची सरासरी खाली आणत राहणाऱ्या अनेकांनी हा भागाकार केलेला नसतो, आणि आलेखही तो करून देत नाही, कारण बोनस किंवा विभाजनासारखे समायोजन अशा नव्याने पैसे घेऊन विकलेल्या शेअरसाठी होत नाही.

त्यासाठी भावाबरोबर शेअरसंख्याही पाहावी लागते. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी तिमाही संपल्यापासून 21 दिवसांत आपल्या भागधारणेचा, म्हणजे एकूण शेअर किती आणि ते कोणाकडे आहेत याचा, तक्ता बाजाराला देते. तो बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर जुन्या तिमाहींसह मिळतो. ज्या तिमाहीतला भाव पाहत असाल त्याच तिमाहीचा तक्ता उघडून एकूण शेअरांची ओळ उतरवून घ्यावी, ताज्या तिमाहीची तीच ओळ तिच्याखाली लिहावी, आणि फरक बोनस-विभाजनाने पडला की नवे शेअर विकल्याने, हे कंपनीच्या त्या काळातल्या घोषणांवरून तपासावे.